हलक्या हायड्रोकार्बनांपासून द्रव इंधन

हलक्या हायड्रोकार्बनांपासून द्रव इंधन : प्रोपिलीन, ब्यूटिलीन, आयसोब्यूटेन अशा तीन-चार कार्बन अणूंच्या वायूंचे रेणू दाबाखाली, उत्प्रेरकाच्या साहाय्याने जोडून पेट्रोल किंवा विमानाचे इंधन बनवण्याची प्रक्रिया. बहुवारिकीकरण आणि अल्किलीकरण हे तिचे दोन जुने मार्ग.

पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यात असे इंधन बनवणारा तेलशुद्धीकरण कारखाना नाही. दाबाखालचे हलके वायू मात्र इथे रोजच्या व्यवहारातले आहेत. चाकणला एलपीजीचे सिलिंडर भरले जातात. त्यातला प्रोपेन-ब्यूटेन थोड्याशा दाबानेच द्रव होऊन राहतो. सीएनजी तर 200 बार दाबाने भरतात. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 5 जुलै 2024 रोजी आणलेल्या ‘फ्रीडम 125’ मोटारसायकलीत सीटखाली त्याची 2 किलोची टाकी आहे. पण व्हॉल्व्ह उघडला की दोन्हींतून बाहेर येतो तो आधीचाच वायू. नुसत्या दाबाने रेणू बदलत नाही. या प्रक्रियांचे वर्णन करताना दाबाला दिले जाणारे श्रेय म्हणूनच जरा जास्त वाटते.

दाबाचे काम वेगळे आहे. दोन रेणूंचा एक झाला की रेणूंची संख्या घटते, आणि दाब अशा घटीच्या बाजूने कौल देतो. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे तापमान फार चढवले तर जोडलेले रेणू पुन्हा सुटू लागतात. वेग हवा तर उत्प्रेरकच लागतो. व्लादिमिर इपातिएफ या रशियन रसायनशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात अमेरिकेत, सच्छिद्र मातीवर बसवलेल्या फॉस्फोरिक आम्लाने बहुवारिकीकरणात ते साधले. उणे 7 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या आयसोब्यूटिलीनचे दोन रेणू जोडून त्यांत हायड्रोजन मिळवला की 99 अंशांना उकळणारे आयसोऑक्टेन मिळते. अल्किलीकरणात सल्फ्युरिक किंवा हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. तिथे दाब फक्त वायू द्रवरूप ठेवण्यापुरता. हायड्रोफ्लुओरिक आम्ल गळाले तर जिवावर बेतते.

या पट्ट्याचा खरा संबंध येतो तो इंजिनामुळे. खंडाळ्याचा घाट वरच्या गिअरमध्ये चढवताना इंजिनातून खडखड ऐकू येते, ते ‘नॉकिंग’ : ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटते. ते टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन अंकाने मोजतात. आयसोऑक्टेनला 100, सरळ साखळीच्या हेप्टेनला 0. बीएस-6 मानकांनी (देशभर 1 एप्रिल 2020 पासून) साध्या पेट्रोलला किमान 91 ऑक्टेन ठरवला, पण ऑक्टेन वाढवणाऱ्या बेन्झिनला 1 टक्क्याची, गंधकाला 10 पीपीएमची मर्यादा घातली. अल्किलीकरणातून मिळणाऱ्या, फांद्या असलेल्या रेणूंच्या अल्किलेटमध्ये बेन्झिन जवळजवळ नसते आणि ऑक्टेन 95च्या आसपास असतो, म्हणून मिश्रणात त्याला मोल आहे.

पट्ट्यात कारखाना नसला तरी पुणे परिसराला जोडलेली इंधनवाहिनी मुंबईतल्या माहुलहून लोणी काळभोरला येते. माहुलचे दोन शुद्धीकरण कारखाने, पूर्वीचे एस्सो (1954) आणि बर्मा-शेल (1955), आज अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमकडे आहेत.

हेच रसायन आता खनिज तेलाशिवायही वापरले जाते. अल्कोहोलमधून पाणी काढले की इथिलीन किंवा आयसोब्यूटिलीन मिळते. ते जोडून, हायड्रोजन देऊन विमानाचे इंधन बनते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने या मार्गावर काम केले असून, तिने देशी कच्च्या मालापासून बनवलेल्या शाश्वत इंधनाचे मिश्रण भरून 19 मे 2023 रोजी एअरएशियाचे प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेले.