मोहफुलांचे किण्वन

मोहफुलांचे किण्वन : मोह (मधुका लाँगिफोलिया, कुल–सॅपोटेसी) या वृक्षाच्या मांसल फुलांतील शर्करेचे यीस्टच्या साहाय्याने अल्कोहॉलात रूपांतर होण्याची प्रक्रिया. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस, पुसद, पांढरकवडा इ. भागांत, तसेच विदर्भातील अन्य पानझडी वनांत हा वृक्ष आढळतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी फुले वेचून वाळवितात. गोंड, कोलाम इ. जमातींना ती खाद्य, विक्रीचा माल व मद्याचा कच्चा माल म्हणून उपयोगी पडतात.

रसायन : वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक शर्करा असते. फुले पाण्यात भिजविल्यावर यीस्ट सुक्रोजाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते आणि त्यांपासून एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. सैद्धांतिक दृष्ट्या १८० ग्रॅ. ग्लुकोजापासून ९२ ग्रॅ. अल्कोहॉल मिळते, प्रत्यक्षात ते कमी मिळते, कारण काही शर्करा यीस्टच्या वाढीस व ग्लिसरॉलादी उपपदार्थांस खर्ची पडते. द्राक्षमद्याची प्रक्रिया मूलतः हीच होय. मात्र द्राक्षरसातील टार्टारिक अम्लामुळे अनिष्ट जंतूंना बराच आळा बसतो. आंबविलेला द्रव उघडा राहिल्यास अ‍ॅसिटोबॅक्टर जंतू अल्कोहॉलाचे अ‍ॅसिटिक अम्ल करतात व तो आंबट होतो. अल्कोहॉल ७८·३° से. ला उकळत असल्याने मडक्यात द्रव तापवून व वाफ थंड करून दारू गाळतात. किण्वनात मिथिल अल्कोहॉल अल्पच निर्माण होते. विषारी दारूच्या दुर्घटना मुख्यतः औद्योगिक अल्कोहॉलाच्या भेसळीमुळे घडतात.

इतिहास : चरकसंहितेतील पुष्पासवांत मधूक (मोह) व धातकी (धायटी) यांचा समावेश आहे. या क्रियेचे परिमाणात्मक मापन लव्हॉयझर यांनी १७८९ मध्ये प्रसिद्ध केले. किण्वन हे सजीव यीस्टचे कार्य होय, असे पाश्चर यांनी प्रतिपादिले (१८५७–६०). तर यीस्टच्या पेशीविरहित रसानेही ते होते, हे बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखविले.

कायदा व वनवासी : अबकारी उत्पन्नाच्या रक्षणासाठी ब्रिटिश अमदानीत घरगुती गाळपावर बंधने आली. मुंबई अबकारी अधिनियमानंतर (१८७८) ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांविषयी स्वतंत्र अधिनियम झाला (१८९२). त्यामुळे खाद्य असलेले फूलच नियंत्रणाखाली आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातही फुलांच्या साठ्यावर व वाहतुकीवर नियंत्रण होते. पुढे तो विदर्भास लागू झाला. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने गौण वनोपजावरील हक्क मान्य केले आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांवरील बरेचसे निर्बंध शिथिल केले. यवतमाळलगतच्या वर्धा जिल्ह्यात मात्र १९७५ पासून दारूबंदी आहे. फूल हे अन्न व उत्पन्नाचे साधन आहे, तर त्यापासून होणारे व्यसन हे कुटुंबाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, हालांचे कारण ठरते. या दोन्ही बाबी ध्यानी घेऊनच मोहाविषयीचे धोरण ठरविणे इष्ट ठरते.