पलायन, परतणे आणि साहस : जपानी चित्रकथेच्या संदर्भात मराठी साहसकथेचा एक विचार

मराठी समीक्षेत 'पलायनवाद' ही संज्ञा जितक्या सहजतेने वापरली गेली, तितक्या काटेकोरपणे ती तपासली गेलेली नाही. एखाद्या कलाकृतीतील वाचक वास्तवापासून दूर नेला जातो, एवढे म्हटले की निर्णय झाला, असा आपला संकेत आहे. पण दूर म्हणजे कोठून दूर, आणि दूर गेलेला परत येतो की नाही, हे दोन प्रश्न त्या निर्णयात बहुधा विचारलेच जात नाहीत. टोल्किनने परीकथांवरील आपल्या १९३९ मधील व्याख्यानात (ते विस्तारित रूपात १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले) बंदिवानाची सुटका आणि फितुराचे पळून जाणे यांत समीक्षक गल्लत करतात, अशी तक्रार केली होती. ही तक्रार मराठीच्या संदर्भात अधिक गंभीर ठरते. ज्या काळात आपली कादंबरी जन्मली त्या काळात तिचा वाचक, शब्दशः नसला तरी राजकीय अर्थाने, बंदिवानच होता.

मराठी कादंबरीचा आरंभ सांगताना 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) ही तीन नावे घेतली जातात. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० मधील आपल्या सुपरिचित निबंधात या तिन्हींना तीन प्रवृत्तींचे आद्य नमुने मानले, आणि त्यांचा कौल पहिलीच्या बाजूने आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी, १९०२ मध्ये, वि. का. राजवाडे यांनी अद्भुत आणि वास्तविक अशी विभागणी करूनच कादंबरीचा विचार मांडला होता. लालजी पेंडसे यांच्या 'साहित्य आणि समाजजीवन' (१९३५) या ग्रंथापासून या विभागणीला वर्गीय अर्थही प्राप्त झाला. तपशिलांत मतभेद असले तरी या सगळ्या परंपरेत अद्भुत आणि साहस यांचे स्थान खालचे राहिले. प्रस्तुत लेखकाला या मूल्यनिर्णयाविषयी शंका आहे, आणि त्या शंकेसाठी जपानी चित्रकथेचा इतिहास उपयोगी पडतो. मांगा ही छापील चित्रकथा व अॅनिमे हा चलत्चित्रपट, या दोन्ही प्रकारांत साहस हे मध्यवर्ती आशयसूत्र आहे, आणि त्यांनाही पलायनाचाच आरोप सहन करावा लागला आहे.

प्रारंभ एकाच लेखकापासून करता येईल. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणेचा जपानी अनुवाद कावाशिमा चुनोसुके याने १८७८ मध्ये प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. मेइजी राजवट सुरू होऊन तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. जपानी वाचकाने ती कादंबरी बव्हंशी प्रवासाची पूर्वतयारी म्हणून वाचली, कारण प्रदक्षिणा घालणे त्याला खरोखरच शक्य होणार होते. त्याच १८७८ मध्ये हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा झाला आणि सामान्य प्रजाजनाने परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. मराठी कादंबरीतील समकालीन नायकाच्या हातात तलवार का नसते, याचे एक साधे उत्तर या कायद्यात आहे. हत्यार हवे असेल तर नायकाला शिवकाळात जावे लागे किंवा 'मुक्तामाले'च्या काळवेळ नसलेल्या प्रदेशात. समुद्र ओलांडण्याला तर धर्मशास्त्राचाही निषेध होता. म्हणजे भूगोल बंद, शस्त्र बंद. उरला तो भूतकाळ आणि उरली ती भुयारे. गो. ना. दातार यांच्या रेनॉल्ड्सवर बेतलेल्या कादंबऱ्यांत भुयारे, गुप्त दरवाजे आणि वेषांतरे यांची एवढी गर्दी का, याचा विचार अभिरुचीच्या उणिवेपलीकडे जाऊन केला पाहिजे.

व्हर्नच्याच दुसऱ्या एका पात्राचा प्रवास याहून बोलका आहे. कॅप्टन नेमो हा कोण, हे व्हर्न पहिल्या कादंबरीत (१८७०) सांगत नाही. 'गूढ बेट' या १८७५ च्या कादंबरीत तो उलगडा होतो. नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार. सत्तावनच्या उठावात लढलेला, सर्वस्व गमावलेला, आणि म्हणून पाण्याखाली गेलेला. पाणबुडी ही येथे पराभूताची जागा आहे. जमिनीवर त्याला राज्य उरलेले नाही, म्हणून तो जेथे कोणाचेच राज्य नाही तेथे जातो. याला पलायन म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण हे टोल्किनच्या बंदिवानाचे पलायन आहे. आता १९०० मध्ये जपानात ओशिकावा शुनरो याने लिहिलेली 'काइतेई गुन्कान' ही कादंबरी पाहा. तिच्यातही निर्जन बेट आहे, असामान्य अधिकारी आहे, समुद्राखालून चालणारी युद्धनौका आहे. मात्र ही नौका उगवत्या आरमारी सत्तेची आहे. यंत्र तेच, साहस तेच. पण एकाचा कर्ता राज्य हरवून बसलेला आणि दुसऱ्याचा ते वाढवू पाहणारा. साहसकथेचा अर्थ तिच्या साहसात नसून साहस करणाऱ्याच्या सत्तास्थानात असतो, हे या दोन पाणबुड्या शेजारी ठेवल्या की ध्यानात येते.

जपानी साहसकथेचा पुढचा टप्पा या दृष्टीने अस्वस्थ करणारा आहे. 'शोनेन कुराबु' या मुलांच्या मासिकात १९३१ पासून तागावा सुइहो याची 'नोराकुरो' ही चित्रमाला सुरू झाली; तिच्यातील भटका काळा कुत्रा सैन्यात भरती होऊन बढत्या मिळवतो. १९३३ पासून त्याच मासिकात शिमादा केइझो याची 'बोकेन दांकिची' आली. तिच्यातील मुलगा वाहत दक्षिणेकडील एका बेटाला लागतो आणि तेथील काळ्या रहिवाशांचा राजा होतो. डोक्यावर मुकुट आणि मनगटावर घड्याळ, हे त्याचे चित्र. दक्षिण समुद्रातील बेटे तेव्हा राष्ट्रसंघाच्या आदेशान्वये जपानच्याच ताब्यात होती. म्हणजे येथे स्वप्न आणि प्रशासन यांत अंतरच नव्हते. ज्याला आपण वास्तवापासून दूर नेणारे साहित्य म्हणतो ते वास्तवाच्या, म्हणजे साम्राज्याच्या, इतके जवळ असू शकते. मराठी वाचकाला दांकिची अगदीच अपरिचित नाही. टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून १९६४ पासून आपल्याकडे आलेला वेताळ हा त्याचाच थोरला गोरा भाऊ. मूळ अमेरिकन मालिकेतील 'बंगाला' हे नाव भारतीय आवृत्तीत 'डेंकाली' झाले. नाव बदलण्याची गरज संपादकांना भासली, यातच त्या कथेच्या भूगोलाविषयीची अडचण व्यक्त होते. मुलांनी अर्थातच वेताळावर प्रेम केले; त्यात वावगे काहीही नाही.

१९४५ नंतर जपानी साहसकथेचे सत्तास्थान पालटले. तेझुका ओसामु हा मुलगा युद्धकाळात ओसाकातील कारखान्यात राबला आणि त्या शहरावरील हवाई हल्ल्यातून वाचला. १९४७ मध्ये, वैद्यकाचा विद्यार्थी असताना, त्याने साकाइ शिचिमा याच्या कथेवर 'शिन ताकाराजिमा', म्हणजे 'नवे खजिन्याचे बेट', ही चित्रकथा काढली. हलक्या कागदावर, लाल मुखपृष्ठांच्या स्वस्त पुस्तकांत. नकाशा, चाचे, बेट, टारझनसारखा रानातला माणूस; सगळी सामग्री उसनी. तिचा आरंभ मात्र पुढच्या पिढीतील चित्रकारांना कायमचा लक्षात राहिला. एक मुलगा मोटार चालवीत बंदराकडे निघाला आहे, आणि चौकटीमागून चौकट ती मोटार धावतेच आहे. या आरंभाला कथेच्या दृष्टीने फारसे प्रयोजन नाही. पण ज्या देशाला आता कोठे जायचे उरले नव्हते, त्या देशातील मुलांना नुसत्या निघण्याचे हे दर्शन काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. दांकिची पोचतो आणि राजा होतो. तेझुकाचा मुलगा निघतो. विजेत्याची साहसकथा पोचण्याची असते, पराभूताची निघण्याची, असे ढोबळ विधान करण्याचा मोह येथे होतो. मियाझाकी हायाओ याची नाउशिका (चित्रकथा १९८२ ते १९९४, चित्रपट १९८४) या विधानात बसते, कारण ती जिंकण्यासाठी बाहेर पडत नाही. सगळेच बसतात असे नाही. आणि नेमोही परततो : १९९०-९१ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या 'नादिया' या मालिकेत तो आफ्रिकेतील एका नष्ट झालेल्या राज्याचा राजा आहे. पराभव कायम राहिला. बुंदेलखंड तेवढे गळाले.

मग नेमोच्या देशात, आणि त्यातही समुद्रकाठी, काय झाले? रायगड जिल्ह्याचे (१९८१ पूर्वीच्या कुलाब्याचे) उदाहरण घ्यावे. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावावरून कुंडलिकेच्या कडेने खाली गेले की रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्र लागतो. तेथून अलिबाग, म्हणजे आंग्र्यांचा कुलाबा, फार दूर नाही. साहसकथेला याहून चांगली भूमी कोणती? तरीही मराठीत समुद्रावरील साहसकथेची परंपरा उभी राहिली नाही. याचे कारण माझ्या मते असे आहे : इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे 'चाचा' होता. त्यामुळे तो चाचा नव्हता, सरखेल होता, राज्याच्या आरमाराचा अधिकृत प्रमुख होता, हे सिद्ध करण्याचे काम मराठी लेखकावर येऊन पडले. हे काम आवश्यकच होते आणि ते खरेही आहे. परंतु ज्याच्या प्रत्येक शिडामागे पुरावा जोडावा लागतो त्याला स्वैर भटकू देता येत नाही. ओदा एइइचिरो याची 'वन पीस' ही चाच्यांचीच चित्रकथा १९९७ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिच्या प्रतींची संख्या ५० कोटींच्या घरात गेली. तिच्यातील पोरांना आपण चाचे नाही हे कोणाला पटवून द्यावयाचे नाही. आपली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगडा'पासूनच समर्थनाचे वकीलपत्र घेऊन उभी आहे. तिच्यात साहस मुबलक आहे, पण ते साक्षीच्या पिंजऱ्यातले आहे.

नाथमाधवांचे उदाहरण येथे आठवावे. सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले, आणि 'वीरधवल' (१९१३) सारखी कादंबरी लिहिणारा लेखक जन्मला तो अंथरुणावर. या अपघाताचा रूपक म्हणून उपयोग करणे मला अप्रशस्त वाटते. पण खिळलेल्या माणसाने लिहिलेल्या घोडदौडीला पलायन म्हणताना समीक्षकाचा आवाज जरा खाली यावा, एवढी अपेक्षा गैर नाही. बाबूराव अर्णाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांविषयीही तसेच. झुंझार आणि काळा पहाड कायद्याबाहेर राहून न्याय करतात, आणि भाड्याच्या वाचनालयांतून त्यांना वाचणारा चाळकरी व गिरणी कामगार कायद्याच्या आत राहून काय मिळवीत होता, हे ठाऊक असल्याखेरीज त्या कथांचे मूल्यमापन अपुरे राहते.

समकालीन भूगोल साहसाला परत मिळवून दिला तो भा. रा. भागवतांनी. त्यांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' सुरू केले, व्हर्न मराठीत आणला, आणि मग बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे, हा फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवनात धाडला. सायकल हे त्याचे वाहन आणि 'ट्टॉक्' हा त्याचा उद्गार. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' हे शीर्षकच पुरेसे सूचक आहे. तो प्रतापगडावर जातो, पण अफझलखानाच्या काळात जात नाही. गड आजचा, मुलगा आजचा, संकट आजचे. इतिहासाचे वकीलपत्र न घेता गडावर चढणारा मराठी नायक तोपर्यंत विरळाच. आणि तो परत येतो, वसतिगृहात, परीक्षेला. सुमारे वीस पुस्तकांच्या या मालिकेची दखल 'बालसाहित्य' या कप्प्याबाहेर आपल्या समीक्षेने क्वचितच घेतली.

समीक्षेने दखल घेतली असती तर चित्र पालटले असते, असे मात्र नव्हे. जपानात १९५९ मध्ये 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी निघाली, १९६८ मध्ये 'शोनेन जम्प' आले. साहसकथेला 'क्रमशः' लागते. आठवड्याची ओढ लागते. आपल्याकडे मुलांसाठी मासिके आणि दिवाळी अंक होते. बालभारतीचे 'किशोर' (१९७१ पासून) अत्यंत गुणी, पण मासिकच. चित्रकथेचे मोठे मुंबईकर यश म्हणजे 'अमर चित्र कथा' (१९६७). तिने पुन्हा पुराण व इतिहास यांचीच वाट धरली, आणि राम वाईरकरांसारख्या चित्रकाराची रेषा प्रामुख्याने तिकडे लागली.

परिणामी जी पोकळी राहिली ती प्रथम दूरदर्शनने दाखवून दिली. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मोगली आला. पेंच-शिवनीचे जंगल, म्हणजे नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी जागा, किपलिंगच्या इंग्रजीतून जपानच्या स्टुडिओत आणि तेथून गुलजारांच्या शीर्षकगीतासह हिंदीत, असा फेरा घालून मराठी घरात पोचली. २००५ नंतर 'डोरेमॉन' आला, तोही हिंदी आवाजात. आज वरसे येथील मूल अवचितगड खिडकीतून दिसत असताना तोक्योच्या नेरिमा भागातील नोबिताबरोबर संध्याकाळ काढते. यावर 'परकीय पलायनवाद' असा शिक्का मारण्यापूर्वी मूळ कृती पाहावी. फुजिको एफ. फुजिओ याच्या १९६९ अखेरीस सुरू झालेल्या या चित्रकथेत टेबलाच्या खणात कालयंत्र आहे, कोठेही उघडणारे दार आहे. पण छोट्या कथांमध्ये त्या दारातून गेलेला नोबिता बहुतेकदा फजीत होऊन परत येतो, शून्य गुणांच्या उत्तरपत्रिकेकडे आणि आईच्या रागाकडे. पलायनाची इच्छा आणि तिची फजिती एकाच प्रकरणात दाखवणारी ही कृती पलायनवादी ठरवणे कठीण आहे. खरे साहस नोबिताच्या वाट्याला येते ते १९८० पासूनच्या दीर्घ चित्रपटकथांत, बहुधा शाळेला सुटी असताना.

फास्टर फेणे २०१७ मध्ये चित्रपटाच्या पडद्यावर आला तेव्हा तो शाळकरी राहिलेला नव्हता. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देण्यासाठी पुण्यात आलेला तरुण, आणि ज्या कारस्थानाचा तो छडा लावतो तेही त्या परीक्षेतील तोतया उमेदवारांचे. भागवतांच्या पुस्तकांत परीक्षा ही साहसानंतर परतण्याची जागा होती. येथे साहसाची सारी भूमीच परीक्षागृहाने व्यापली आहे.