बाजाराचा कौल : चीनमधील राज्यस्वामित्वाच्या भागांचा प्रश्न (२००१–२००७)

सरकारी कंपन्यांच्या व्यवस्थेत सुधारणा झाली म्हणजे शेअर-बाजार तिचे स्वागत करतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. चीनचा अनुभव पाहता हे गृहीतक अपुरे ठरते. राज्याचे भाग बाजारात आणण्याच्या दोन योजनांना तेथील बाजाराने चार वर्षांच्या अंतराने सर्वस्वी भिन्न उत्तरे दिली.

१९९० च्या अखेरीस शांघाय व शेन्झेन येथे शेअर-बाजार सुरू झाले, तेव्हा सरकारी उद्योगांवरील राज्याचे स्वामित्व ढळू नये अशी दक्षता घेण्यात आली. परिणामी कंपन्यांचे सुमारे दोन-तृतीयांश भाग बाजारात विकता येत नसत. ते बहुतांशी राज्याकडे अथवा त्याच्याशी निगडित संस्थांकडे असत आणि अल्प किमतीत मिळालेले असत. उरलेले भाग जनतेने चढ्या भावाने घेतले होते. भाव पडला तरी प्रमुख भागधारकाचे काहीच बिघडत नसे. साहजिकच लहान भागधारकांच्या हिताकडे पाहण्याचे त्याला प्रयोजन उरत नसे.

जून २००१ मध्ये राज्य परिषदेने आदेश काढला : कंपनीने नवे भांडवल उभारताना त्या रकमेच्या एक-दशांशाइतके राज्याचे भाग बाजारभावाने विकावेत आणि तो पैसा सामाजिक सुरक्षा निधीस द्यावा. हेतू चांगला होता. परंतु स्वस्तात मिळालेले भाग महाग विकले जाणार, आणि पुरवठा वाढून होणारी भावाची घसरण मात्र जनतेने सोसायची, असा त्याचा अर्थ झाला. शांघायचा निर्देशांक जूनमधील २,२४५ वरून ऑक्टोबरात १,५०० च्या आसपास आला. योजना प्रथम स्थगित झाली व जून २००२ मध्ये सोडून देण्यात आली. त्या वार्तेसरशी निर्देशांक एका दिवसात सुमारे ९ टक्के चढला. बाजाराने येथे सुधारणेच्या माघारीचे स्वागत केले, हे लक्षणीय होय.

२९ एप्रिल २००५ रोजी रोखे नियामक आयोगाने दुसरी योजना जाहीर केली. आता विक्रीचा हक्क हवा असलेल्या प्रमुख भागधारकाने इतरांस मोबदला द्यावयाचा होता, आणि मतदान करणाऱ्या सामान्य भागधारकांपैकी दोन-तृतीयांशांची संमती आवश्यक होती. या मोबदल्यास ‘भरपाई’ न म्हणता ‘दुइज्या’, म्हणजे करारातील प्रतिफल, असा शब्द योजण्यात आला. भरपाईत अन्यायाची कबुली असते. प्रतिफलात दोन समान पक्षांचा व्यवहार असतो. ही समानता केवळ शाब्दिक नव्हती. पहिल्या चार कंपन्यांपैकी त्सिंगहुआ तोंगफांगचा प्रस्ताव सुमारे ६२ टक्के अनुकूल मते पडूनही फेटाळला गेला, कारण त्यात प्रमुख भागधारक स्वतःचे काही न देता कंपनीच्याच राखीव निधीतून नवे भाग देऊ पाहत होता. पुढे दर दहा भागांमागे सरासरी तीन भाग असा मोबदला रूढ झाला, आणि २००६ च्या अखेरीस बहुतेक कंपन्यांत हे कार्य पुरे झाले.

जून २००५ मध्ये हजाराखाली गेलेला निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१२४ वर पोचला. या तेजीचे सर्व श्रेय सुधारणेस देणे चुकीचे ठरेल. पैशाची विपुलता, वाढता नफा व चलनाचे पुनर्मूल्यन हीही कारणे होतीच. शिवाय २००८ मध्ये ती तेजी ओसरली. अनेक मोठ्या उद्योगांवरील राज्याचे नियंत्रणही कायम राहिले. तथापि २००१ व २००५ यांतील भेद त्यामुळे पुसला जात नाही. सुधारणेचा भार कोणावर पडतो आणि ज्यांच्यावर तो पडतो त्यांना विचारले जाते की नाही, याच दोन प्रश्नांवर बाजाराचा कौल अवलंबून होता.