जमिनीवरचें विमान

नाटकाच्या तालमीला खरा राजवाडा लागत नाहीं; पण प्रवेशांचा क्रम मात्र खराच असावा लागतो. धोक्याचें काम शिकविणारीं कृत्रिम साधनें मूळ वस्तूशीं कितपत हुबेहूब असावींत, या प्रश्नाचें उत्तर विमानविद्येच्या इतिहासांत याच धर्तीवर सांपडतें.

फ्रान्समध्यें १९१०च्या सुमारास आंत्वानेत विमानाच्या शिकाऊ वैमानिकास अर्ध्या पिंपावर बसवीत. मदतनीस तें पिंप हातांनीं डोलवीत, आणि शिकाऊनें चक्रें फिरवून तोल सांवरावयाचा. पुढें अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक यानें १९२९ सालीं आपलें यंत्र तयार केलें. त्याच्या वडिलांचा कारखाना आपोआप वाजणारे पियानो व ऑर्गन बनवी. त्यांतलेच भाते वापरून लिंकनें एक ठेंगणें लाकडी विमान जमिनीवरच डोलतें व वळतें केलें. पुढें त्यांत उड्डाणाचीं उपकरणेंही बसविलीं. सैन्यानें प्रथम लक्ष दिलें नाहीं. कांहीं यंत्रें करमणुकीच्या बागांत खेळणें म्हणून गेलीं.

१९३४च्या फेब्रुवारींत अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचें काम येऊन पडलें. धुक्यांत व रात्रीं केवळ उपकरणें पाहून उडण्याचा पुरेसा सराव त्यांना नव्हता. थोड्याच आठवड्यांत कित्येकांनीं प्राण गमावले. त्याच वर्षीं सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधी वैमानिक अशा यंत्रांवर शिकले.

वस्तुतः हें यंत्र विमानासारखें फारसें नव्हतें. पंख आखूड, आणि वरचें झांकण लावलें कीं बाहेरचें कांहींच दिसत नसे. परंतु दाट धुक्यांत खऱ्या विमानांतूनही काय दिसतें? उपकरणांचे कांटे, त्यांचा अर्थ आणि त्यावरून करावयाची कृति एवढें त्यांत होतें, आणि तेवढें पुरलें.

१९७० सालीं अमेरिकेंतील प्रोफेट व बॉइड या संशोधकांनीं याच मुद्द्याची परीक्षा घेतली. विमान सुरू व बंद करण्याची पद्धत कांहींना महागड्या यंत्रावर, तर कांहींना प्लायवुड व छायाचित्रें यांच्या साध्या प्रतिकृतीवर शिकविली. प्रत्यक्ष विमानांत दोघांची कामगिरी जवळजवळ सारखीच ठरली.

म्हणून स्वस्त साधनानें सर्व कांहीं साधतें असें मात्र नव्हे. कोणत्या खटक्यानंतर कोणता खटका, हें चित्रावरूनही पाठ होतें. पण विमान उतरवितांना दांड्याचा दाब हाताला कळावा लागतो, तो चित्र शिकवीत नाहीं. चुकीचा दाब अंगवळणीं पाडणारें यंत्र तर नसलेलें बरें. तेव्हां शिकणाऱ्याचा निर्णय कशावर अवलंबून आहे, हें आधीं ठरवावें. तेवढा भाग तंतोतंत खरा असला, कीं बाकीच्यावर खर्च करण्याची घाई नको.