तिन्हीसांजेपासून निजेपर्यंत

मी कुडाळ तालुक्यातल्या वालावलहून बोलते आहे. आज बचत गटाचे व्याज नाही की कर्जाचा हप्ता नाही. आजचा विषय आपल्या घराघरांत रात्री साडेनऊला सुरू होतो. शाळेत जाणारे पोर झोपत नाही!

माझी मुलगी पाचवीत आहे. गेल्या पावसाळ्यात तिला झोपायला रोज अकरा वाजायचे. सकाळी सहाला उठवताना ती रडायची, मी ओरडायची आणि न्याहारी तशीच ताटलीत राहायची. एक दिवस ती वर्गात बाकावर डोके ठेवून झोपली आणि वहीत शेरा लिहून आला. मी सासूबाईंना म्हटले, "हिला झोपच येत नाही." त्या म्हणाल्या, "पोराक नीज येणा नाय असा नाय गो, तू ती येवक दिणस नाय."

मला राग आला. पण थोड्या वेळाने मीच त्यांना विचारले, "तुमच्या लहानपणी पोरांना कोण झोपवायचे?" त्या हसून म्हणाल्या, "काळोख!"

तेव्हापासून मी गटातल्या जुन्याजाणत्या बायांना हाच प्रश्न विचारत गेले. आज तोच इतिहास सांगते. राजामहाराजांचा नाही, आपल्या माजघरातला.

पूर्वी आपल्या किनारपट्टीवर दिव्यात खोबरेल घालत, नाहीतर उंडीच्या बियांचे कडू तेल. पुढे रॉकेल आले आणि त्याच्याबरोबर चिमणी आणि कंदील आले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगल्यांचा काचकारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर पोचला. पण तेल कुठलेही असो, ते जपूनच वापरायचे. एका दिव्याभोवती सगळे घर बसायचे आणि तो मालवला की दिवस संपायचा.

त्या आधीची वाटही ठरलेली असे. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लागायचा. हातपाय धुऊन पोरे शुभंकरोती म्हणायची. मग परवचा, म्हणजे पाढे, पावकी, निमकी. मग पेज नाहीतर भात. आणि शेवटी आजीच्या कुशीत गोधडीखाली गोष्ट. रोज तेच आणि त्याच क्रमाने. कुणी "आता झोप" म्हणायची गरज नव्हती. परवचा सुरू झाला, की निजेची वाट सुरू झाली हे पोराच्या अंगालाच कळायचे.

आणि गोष्ट तरी कुठली? चिमणी आणि कावळ्याची. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे. ही गोष्ट आपल्या आजीने रचलेली नाही बरे का. चक्रधर स्वामींच्या आठवणींचा लीळाचरित्र हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिला, त्यात ती आहे. म्हणजे सातशे वर्षांहून जास्त काळ मराठी पोरे ही गोष्ट ऐकत आली. तीच गोष्ट शंभर वेळा ऐकली तरी पोराला कंटाळा येत नाही. पुढे काय होणार हे माहीत असते, म्हणून जीव निवांत होतो आणि डोळा लागतो.

आपल्या कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी आठवा. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी. प्रार्थना झाली की श्याम सोबत्यांना आईची एक आठवण सांगतो. रात्र ही सांगण्या-ऐकण्याची वेळ होती, म्हणून पुस्तकाची बांधणीही तशीच झाली.

जागरण नव्हते असे मात्र नाही. जत्रेला दशावतार मध्यरात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. पोरे राक्षसाची आरोळी ऐकायला हट्टाने जागतात आणि अर्धी तरी नाटक अर्ध्यावर असताना आजीच्या मांडीवर आडवी होतात. पण ते वर्षातले ठरलेले जागरण. त्याची मजा होती, कारण बाकीच्या रात्री शांत होत्या.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही जुन्याचे नुसते गोडवे गाते. सासूबाईंना मी विचारले, "तुम्हीही दिवा मालवला की झोपायचात?" त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, भाऊ झोपायचा. त्या भांडी घासून, चूल सारवून, धाकट्याला थोपटून मग आडव्या व्हायच्या आणि पहाटे आईबरोबर जात्यावर बसायच्या. शाळा दुसरीत सुटली. म्हणजे काळोख सगळ्यांना सारखा होता, पण नीज सारखी नव्हती. शिवाय पोर ऐकत नसले की बागुलबुवा होताच. घाबरून डोळे मिटलेले पोर शांत झोपते असे नाही. कितीतरी बायांना ती भीती मोठेपणीही सोडत नाही.

मग वीज आली. रात्रीचा अभ्यास सोपा झाला, विंचूकाट्याचे भय कमी झाले, चिमणीच्या धुराने चुरचुरणारे डोळे वाचले. ती नको असे कोण म्हणेल? १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि यथावकाश आपल्या गावांत टीव्ही पोचला. १९९९ साली मराठी खासगी वाहिनी आली आणि जेवणाची वेळ मालिकेवर ठरू लागली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून आपणच पोरांच्या हातात फोन दिला. शाळा उघडल्या, फोन मात्र हातातच राहिला.

सासूबाई काळोख म्हणाल्या ते शास्त्राला धरूनच आहे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार होऊ लागते आणि झोप येते. डोळ्यांपुढे उजेड असला की ते उशिरा होते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांनी २०१६ साली सांगितले. हिशोब आपणच करू. सहाला उठायचे तर नऊला झोपलेच पाहिजे. माझ्या मुलीची झोप सातच तास होत होती. रोज दोन तासांची उधारी!

पोरे उशिरा झोपतात ही गोष्ट सरकारपर्यंतही पोचली. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शाळांच्या वेळेचा विचार करा असे सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगले झाले. पण सरकार सकाळ पुढे ढकलू शकते, रात्र आपल्यालाच आवरावी लागते.

आणि इथे मला माझीच चूक दिसली. रात्री दहापर्यंत मी गटाचे निरोप बघत बसायची, हप्त्यांचे हिशोब फोनवर करायची. मुलीला "फोन ठेव" म्हणायची आणि माझ्या हातात फोन असायचा. पूर्वी काळोख आपोआप पडायचा. आता तो घरात कुणीतरी पाडावा लागतो.

मग आम्ही गटाच्या बैठकीत ठराव केला. रात्री आठनंतर गटाचा निरोप नाही, कितीही घाई असली तरी सकाळी. घरात साडेआठला मोठा दिवा बंद, फोन फडताळात. मुलगी दप्तर भरते, हातपाय धुते, दोन पाढे म्हणते. मग आजी गोष्ट सांगते. पहिले आठ दिवस मुलीने आकांत केला. मी दोनदा हरले, फोन दिला. तिसऱ्या आठवड्यात ती साडेनऊला झोपू लागली. अजून नऊ झालेले नाहीत, पण उधारी फिटत आली आहे. वहीत पुन्हा शेरा आलेला नाही.

एक गोष्ट मात्र मी पक्की ठरवली आहे. जेवणानंतरची भांडी मुलीच्या वाट्याला नाहीत. ती मी आणि तिचे बाबा मिळून घासतो. सासूबाई ओट्यावरून बघतात आणि काही बोलत नाहीत. परवा मात्र नातीला थोपटता थोपटता हळूच म्हणाल्या, "नीज गो बाय, तुका काय काम नाय."

मैत्रिणींनो, आज रात्री तुमच्या घरातला दिवा कोण मालवणार ते ठरवा. पुढच्या बैठकीत मला सांगा.