चुकून गेलेला पगार

खानदेशांत कापूस पिके, म्हणून तेथें गिरण्या उभ्या राहिल्या. जळगांवास खानदेश मिल, अमळनेरास प्रताप मिल आणि धुळ्यास न्यू प्रताप मिल. विणकराचा पगार विणलेल्या मालाच्या मोजमापावर ठरे, इतर पुष्कळांचा हजेरीवर. अशा हिशेबांत कारकुनाकडून एखादा खाडा मांडावयाचा राहिला, किंवा दर चुकीचा लागला, कीं मजुराच्या हातीं दोन रुपये अधिक पडावयाचे. ते वाण्याच्या उधारींत जिरून गेल्यावर चूक सांपडली, तर ते आणावयाचे कोठून?

मालकाचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें नव्हे. चुकून मिळालेला पैसा घेणाऱ्यानें परत केला पाहिजे, असें १८७२ सालच्या करार कायद्याचें ७२ वें कलम सांगतें. परंतु सावकारास वसुलीसाठीं कोर्टाची पायरी चढावी लागे. मालकास ती अडचण नव्हती. पगार त्याच्याच पेढीवरून निघे, आणि मजुराच्या हातीं पडण्यापूर्वींच त्यांतून रक्कम कापली जाई.

या कपातींवर पहिला मोठा निर्बंध आला तो व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशनच्या १९३१ सालच्या अहवालानंतर. १९३६ सालीं वेतन देण्याचा कायदा झाला व २८ मार्च १९३७ पासून अमलांत आला. महिना दोनशें रुपयांहून कमी पगाराच्या कामगारांस तो लागू होता. दंडाच्या बाबतींत त्यानें बरीच कडक शिस्त घातली. मजुराचें म्हणणें ऐकल्यावांचून दंड करावयाचा नाहीं, रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक घ्यावयाचा नाहीं, साठ दिवसांनंतर वसूल करावयाचा नाहीं, आणि जमलेली रक्कम मजुरांच्याच हितासाठीं खर्चावयाची. चुकून गेलेल्या पगारास मात्र यांपैकीं एकही अट नव्हती. कायद्यानें त्यास उचलीच्या शेजारीं, एकाच पोटकलमांत बसविलें. वास्तविक उचल मजूर स्वतः मागून घेतो. हा पैसा त्यानें मागितलेला नसतो. मजुराच्या अपराधाच्या वसुलीस मर्यादा, आणि मालकाच्या कारकुनाच्या चुकीच्या वसुलीस मुळींच नाहीं, अशी ही विचित्र वांटणी होती!

ती मर्यादा १९६४ सालच्या दुरुस्तीनें आली. सर्व कपाती मिळून निम्म्या पगारापलीकडे जाऊं नयेत, व सहकारी संस्थेचें देणें त्यांत असल्यास पाऊणपट पगारापलीकडे जाऊं नयेत, असें ठरलें.

पुढें १८ डिसेंबर २०१४ रोजीं पंजाबांतील एका दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक पाऊल टाकलें. तिसऱ्या व चौथ्या वर्गांतील सरकारी नोकर, निवृत्त झालेले, अथवा वर्षभरांत निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करूं नये; तसेंच पांच वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या चुकीची वसुली कोणाकडूनही करूं नये. लहान नोकराचा सारा पगार घरखर्चांतच संपतो, ही गोष्ट न्यायालयानें ध्यानांत घेतली. पण हा दिलासा मुख्यतः सरकारी नोकरांचा. खासगी गिरणीच्या मजुरास कायद्यांतील मर्यादेचाच आधार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेंतही अधिक गेलेल्या पगाराची कपात कायम आहे, आणि सर्व कपातींची मर्यादा निम्मा पगार.