शिस्त, माशी आणि चाप

'शिस्त' हा शब्द आज आपल्याला शाळेच्या सूचनाफलकावर भेटतो. फारसीतून तो मराठीत आला तेव्हा मात्र त्याचा अर्थ होता नेम. शिस्त धरायची, म्हणजे बंदुकीचा रोख लक्ष्यावर आणून तिथे स्थिर ठेवायचा. नळीच्या टोकावरच्या बारीक उंचवट्याला माशी म्हणत आणि बोटाने ओढायच्या तुकड्याला चाप. पिस्तुलाच्या सुधारणेचा सगळा इतिहास या तीन शब्दांत मावतो. माशी अधिक स्पष्ट दिसावी आणि चाप हाताला धक्का न देता सुटावा, एवढ्याचसाठी गेली सव्वाशे वर्षे माणसे कानशी, स्प्रिंगा आणि स्क्रू घेऊन बसली आहेत.

मी वाढले अंधेरीत. तिथे पिस्तुलासाठी चौथाच एक शब्द कानावर पडायचा, घोडा. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी लोखंडवाला संकुलात पोलिस आणि टोळीवाल्यांची चकमक कित्येक तास चालली. त्यानंतर उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरांत पिस्तूल ही वस्तू दोनच प्रकारच्या माणसांकडे असते असे ठरून गेले. कोणाची मुलगी पिस्तूल नेमबाजी शिकते असे ऐकले की आधी शांतता पसरायची आणि मग 'परवानगी असते का?' असा प्रश्न यायचा. त्यामुळे या खेळाबद्दल, विशेषतः त्यातल्या हत्याराबद्दल, मराठीत फारसे बोलले गेले नाही. पदकांच्या बातम्या येतात. पदक ज्या चापावर ठरते, तो त्या बातम्यांत नसतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात पिस्तूल येते ते मात्र ठळकपणे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगचे होते आणि लंडनहून लपवून आणलेले होते. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हते, म्हणून ही चोरवाट. त्या काळची ब्राउनिंग पिस्तुले खिशात मावण्यासाठी घडवलेली असत. माशी इवलीशी, कारण ती कापडात अडकता कामा नये. चाप जड, कारण खिशात चुकून सुटता कामा नये. दोन-चार हातांवरून मारायचे असेल तर याने काही बिघडत नाही. अंतर पंचवीस मीटर झाले की हेच गुण दोष होतात. खेळाचे पिस्तूल खिशातल्या पिस्तुलापासून वेगळे झाले ते याच ठिकाणी.

पिस्तूल नेमबाजी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. सुरुवातीला सैनिकी पिस्तुलेही वापरात होती आणि सुधारणा म्हणजे कारागिराने कानशीने केलेले काम. चाप ओढला की आत पोलादाचा एक ओठ दुसऱ्यावरून घसरतो आणि घोडा सुटतो. ते दोन पृष्ठभाग खरखरीत असतील तर बोटाला खडखड जाणवते. ते घासून गुळगुळीत केले की चाप स्वच्छ तुटतो. पण जरा जास्त घासले तर ओठ धरत नाही आणि पिस्तूल नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते. म्हणून हे काम हौशी माणसाने घरी करायचे नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करणे हाही गुन्हा आहे.

चाप जितका हलका तितका नेम चांगला, असा एक सर्वसाधारण समज असतो. नियम उलटे सांगतात. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजनाचा हवा, पंचवीस मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅम. स्पर्धेपूर्वी पंच नळी आकाशाकडे धरून चापाला तेवढे वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तरच पिस्तूल पास. पूर्वी सेंटर फायर प्रकारात ही मर्यादा १३६० ग्रॅम होती. हा विचित्र आकडा आला तीन पौंडांवरून, म्हणजे सैनिकी पिस्तुलाच्या आठवणीतून. चापाला वजनाची अटच नव्हती ती पन्नास मीटर फ्री पिस्तुलात. तिथे बोट टेकताच गोळी सुटेल इतके हलके चाप वापरत. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला.

मग सुधारायचे काय? तर चापाचा अंदाज. चांगल्या चापाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट थोडे मागे येते आणि एका भिंतीला टेकते. वजनाचा बराचसा भाग इथेच उचललेला असतो. उरलेला थोडा दाब वाढवला की ती भिंत न सरकता तुटते. पहिल्या टप्प्याची लांबी, दोन्ही टप्प्यांतली वजनाची वाटणी, तुटल्यानंतर बोट किती पुढे धावते आणि चापाचे पाते बोटाच्या कुठल्या पेरावर बसते, हे सगळे बारीक स्क्रूंनी बदलता येते. स्वित्झर्लंडच्या मोरिनीसारख्या कारखान्यांनी पुढे यांत्रिक ओठच काढून टाकला आणि चापाला वीज जोडली.

माशीचे गणित त्याहून सोपे आणि त्याहून निर्दय आहे. या खेळात दुर्बीण चालत नाही, लेझर चालत नाही. पुढे माशी, मागे खाच आणि एकच मोकळा हात. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरा. खाचेत माशी एक दशांश मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा तीन मिलिमीटर सरकतो. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळच साडेअकरा मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणून माशीची रुंदी बदलता येते, खाच रुंद-अरुंद करता येते, आणि दोन्ही बाजूंना उजेडाची किती फट दिसावी हे प्रत्येक जण आपल्या डोळ्याप्रमाणे ठरवतो. नजर लक्ष्यावर नाही, माशीवर ठेवायची. लक्ष्य धूसरच दिसले पाहिजे. नव्या माणसाला सगळ्यात अवघड जाते ते हेच.

मुंबईत हे सारे शिकायची ठिकाणे मोजकी. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, दादरला सावरकर स्मारकातली रेंज. बोरिवली किंवा मुलुंडच्या मुलामुलींनी पेटी सांभाळत लोकलने तिथवर जायचे. क्लबचे पिस्तूल अनेकांत एक. एकाने चाप आपल्या बोटाप्रमाणे लावला की पुढच्याला तो परका. म्हणून क्लबच्या पिस्तुलाचे स्क्रू कोणी फिरवायचे नाहीत, आपले बोट त्याच्याप्रमाणे वळवायचे. युरोपातला खेळाडू पिस्तूल आपल्या हाताला बसवून घ्यायचा, आपल्याकडचा हात पिस्तुलाला बसवून घ्यायचा. दोघे एकाच रेषेवर उभे राहून तेच लक्ष्य मारणार. या खेळातली विषमता इथे आहे, आणि ती गुणपत्रिकेत दिसत नाही.

घरी उरतो कोरडा सराव, म्हणजे छर्र्याशिवाय चाप ओढणे. उपनगरातल्या खोलीत दहा मीटर मिळत नाहीत, चार मिळतात. लक्ष्यावरचा काळा भाग खरा ५९.५ मिलिमीटरचा, मग भिंतीवर २४ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवायचा. डोळ्याला दोन्ही सारखेच. विजेच्या चापाची किंमत इथे कळते, कारण दरवेळी पिस्तूल भरल्याशिवाय तोच चाप पुन्हा पुन्हा ओढता येतो. २० ज्यूलच्या आतल्या आणि ०.१७७ बोअरच्या हवेच्या हत्यारांना परवाना लागत नाही, त्यामुळे एअर पिस्तूल घरात येऊ शकते. पंचवीस मीटरचे .२२ पिस्तूल हवे असेल तर परवाना, पोलिस ठाणे, आयात, सगळा मार्ग चालावा लागतो. उपनगरातून एअर पिस्तुलाची मुले पुष्कळ आणि .२२ ची थोडी, याचे कारण गुणवत्तेत शोधायची गरज नाही.

हा मार्ग चालून गेलेले लोक आहेत, म्हणूनच तो सांगावासा वाटतो. मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत सेंटर फायर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. त्यांचा मुलगा रौनक २००६ ला मेलबर्नमध्ये समरेश जंग यांच्यासोबत स्टँडर्ड पिस्तुलाच्या दुहेरीत सुवर्णपदक विजेता झाला आणि पुढे प्रशिक्षक. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. मग कोपराची दुखापत आली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीअखेर त्या आणि थायलंडची नेमबाज ३४-३४ वर बरोबरीत होत्या. पहिल्या शूट-ऑफमध्येही निकाल लागला नाही. दुसऱ्यात राही जिंकल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. हजार ग्रॅमचा तो चाप त्या दिवशी किती वेळा, तितक्याच दाबाने, तुटला असेल!

आणि सुधारणेची दुसरी बाजूही आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल मध्येच बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली, घड्याळ मात्र थांबले नाही. ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली आणि अंतिम फेरी हुकली. यंत्र जितके नाजूक, तितका त्याच्यावरचा विश्वास महाग. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके मिळवली.

मला वाटते, या साऱ्या खटाटोपातून बंदूक अधिक मारक झालेली नाही. पाचशे ग्रॅमचा चाप पाचशेचाच राहतो, छर्रा तेवढाच हलका. कमी होते ती सबब. चाप स्वच्छ आणि माशी स्पष्ट असेल, तर आठ गुण पडल्यावर बोट दाखवायला आपल्याशिवाय दुसरे कोणी उरत नाही. पण ही सबब नाहीशी होण्याचा मान मोजक्यांनाच मिळतो. उरलेले परक्या चापावर हात बसवत राहतात. एखाद्या उपनगरी क्रीडा संकुलात दहा मीटरच्या चार गल्ल्या आणि प्रत्येक मुलाच्या हाताला लावलेले पिस्तूल, एवढे जरी झाले तरी 'शिस्त' या शब्दाचा जुना अर्थ आपल्या मुलांना शब्दकोशात शोधावा लागणार नाही.